जाईबाईंच्या त्रिफळ्याचा पहारेकरी

मी मलमलीचा तुकडा बोलतोय. तुम्ही मला फडकं म्हणाल. म्हणा, माझी हरकत नाही. परळच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर, बुद्धाच्या मूर्तीखालच्या फळीवर माझी घडी असते. चाळीस वर्षं माझं काम एकच होतं. जाईबाईंनी कुटलेलं त्रिफळा चूर्ण माझ्यातून गाळलं जायचं. बारीक तेवढं खाली परातीत, जाडंभरडं माझ्यापाशी. अशा चूर्णाला वस्त्रगाळ म्हणतात. त्यातलं वस्त्र ते मी.

स्वभाव आधीच सांगून ठेवतो. मी संशयी आहे. साल आहे का, बी आहे का, खडा आहे का, हेच ज्याने जन्मभर विचारलं तो दुसरा कसा होणार? समोर देवमाणूस आला तरी मी आधी त्याला झटकून बघेन.

याची सुरुवात मिलमध्येच झाली. विणून झाल्यावर ताग्याबरोबर दिव्यासमोरून सरकत होतो, तर तपासणाऱ्याने माझ्यावर बोट ठेवलं. "इथला एक धागा गेलाय." तेवढ्यावर कात्री आली. बाकीचा तागा बाजारात गेला आणि मी दोषाच्या मालात. जाईबाईंचे मालक, म्हणजे नवरा, राजाराम त्याच मिलमध्ये कामाला होते. त्यांनी मला घरी आणलं. जाईबाईंनी गेलेल्या धाग्याच्या जागी चार टाके घातले आणि पुढे मी तो दोष विसरूनही गेलो. स्वतःचा दोष विसरायला कोणाला वेळ लागतो?

पुढे मिल बंद पडली. राजाराम घरी बसले आणि जाईबाई घराबाहेर पडल्या. ठाकूरद्वारच्या एका वैद्यांकडे त्यांना औषधं कुटायचं काम मिळालं. तिथे गंगुबाई म्हणून एक जुनी बाई होती, तिने त्यांना हाताखाली घेतलं. "आवळा लोखंडाला लागू देऊ नको, काळा पडतो. दगडाच्या खलात कुट. हिरडा पाण्यात टाकून बघ. बुडला तर घे, तरंगला तर दुकानदाराला परत दे. आणि माप लक्षात ठेव. एक हिरडा, दोन बेहडे, चार आवळे." जाईबाईंनी हे सगळं गाठीशी बांधलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पिशवीत घालून नेलं होतं, तेव्हा मीही ऐकत होतो.

महिनाभराने वैद्यांच्या घरात कोणीतरी जाईबाईंचं आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवसापासून नवी रीत सुरू झाली. माझ्यातून गाळलेलं चूर्ण आतल्या खोलीत जायचं आणि घरच्या फडक्यातून पुन्हा गाळलं जायचं. का, ते कोणी सांगत नव्हतं. विचारायची सोयही नव्हती. जाईबाई उंबऱ्याबाहेर बसून आतला चाळण्याचा आवाज ऐकत राहायच्या. त्यांची मूठ माझ्यावर आवळली जायची, ते मला अजून आठवतं.

दोन वर्षांनी त्यांनी ते काम सोडलं. त्या दिवशी राजारामना म्हणाल्या, "दोन वर्षं माझं चूर्ण परत गाळलं त्यांनी. एक खडा सापडला नाही." मग घरीच खल मांडला.

तेव्हापासून मी या खोलीत आहे. गिऱ्हाईक चाळीतलं, फार तर नायगाव-लालबागचं. माणसं मोठी मजेदार असतात. पोट साफ होत नाही हे जितक्या हळू आवाजात सांगतात, तितक्या हळू कोणी चहाडीसुद्धा करत नसेल. आणि दुसऱ्या दिवशी गुण आला की हीच माणसं गॅलरीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडतात, "जाईबाई, मोकळं वाटतंय हो!"

बावीस वर्षांपूर्वी घरात सून आली. प्रिती. आल्या दिवसापासून माझी तिच्यावर नजर होती. हसतमुख पोरगी, कामाला वाघ, हे सगळं खरं. पण ती खोली आवरताना फळीपाशी थांबायची, बरण्यांकडे बघायची आणि मग माझ्याकडे. मी तांबूस-काळा पडलेलो, त्रिफळ्याचे डाग पिऊन पिऊन कातड्यासारखा झालेलो. मला कळायचं, हिला मी नको आहे. एवढ्याशा खोलीत हिला हा खल नको आहे, या बरण्या नको आहेत.

एकदा तिने हात पुढे केलाच. "आई, हे फडकं धुऊन टाकू का?"

"त्याला साबण लावायचा नाही," जाईबाई म्हणाल्या.

"का हो आई?"

"नाही लावायचा म्हणून."

विषय संपला. प्रमाण किती, आवळकाठी किती वाळवायची, काढा कशातून गाळायचा, यातलं एक अक्षर जाईबाईंनी सुनेला सांगितलं नाही. ती पुढे एका खाजगी दवाखान्यात कामाला लागली, फरशी पुसण्यापासून वॉर्डची देखरेख करण्यापर्यंत चढली. पण घरच्या खलाला तिचा हात कधी लागला नाही. आमचं, म्हणजे माझं आणि जाईबाईंचं, पटायचं ते यामुळेच. दोघेही कोणाला सहजासहजी आत घेणारे नव्हतो.

गेल्या हिवाळ्यात चिंतामणी शेठ जिना चढून वर आले. ठाकूरद्वारला त्यांचं काष्ठौषधींचं दुकान आहे. जाईबाई तीस वर्षं त्यांच्याकडून हिरडा-बेहडा घेतात, आणि तीस वर्षं त्यांच्याच दुकानात पेला मागून हिरडा पाण्यात टाकून बघतात.

"जाईबाई, तुमचं त्रिफळा माझ्या दुकानात ठेवायचं म्हणतो," शेठ म्हणाले. "पाकिटावर तुमचं नाव घालू. जाईबाईंचं त्रिफळा."

जाईबाईंच्या हातातला बत्ता थांबला. ठाकूरद्वारला, त्या वैद्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, दुकानात त्यांचं नाव लागणार होतं. ज्यांचं चूर्ण पुन्हा गाळलं जात होतं त्यांचं.

"पण एक आहे," शेठ म्हणाले. "हल्लीचं गिऱ्हाईक पाकीट उलटं करून वाचतं. अँटिऑक्सिडंट आहे का, विचारतं. कंपनीवाले छापतात. आपल्याकडे काही दाखवायला पाहिजे."

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला आणि मला लगेच वास आला. एवढा लांब शब्द सरळ माणसाचा नसतो.

रात्री जेवताना जाईबाईंनी नातीला विचारलं. संघमित्रा प्रितीचीच मुलगी, कॉलेजात रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. "आजी, सफरचंद कापून ठेवलं की काळं पडतं ना? हवेतल्या ऑक्सिजनमुळे. त्यावर आवळ्याचा रस चोळला की लवकर पडत नाही. ते जे अडवतात ना, ते अँटिऑक्सिडंट. आवळा, हिरडा, बेहडा, तिघांतही भरपूर असतात."

"म्हणजे पहारेकरी," जाईबाई म्हणाल्या.

मला हे आवडलं नाही. या घरात पहारेकरी मी होतो.

"घरच्या घरी दाखवता येतं," संघमित्रा म्हणाली. "पेजेत आयोडीनचे थेंब टाकले की ती निळी होते. त्यात आवळ्याचा रस टाकला की निळा रंग जातो. शेठना बोलाव रविवारी. पण आजी, एक ऐक. ग्लासात रंग गेला म्हणून माणसाचे रोग जातात असं कोणी म्हणालं, तर त्याला दारातून परत पाठव. ग्लास वेगळा आणि पोट वेगळं."

या बोलण्याने मला पोरीविषयी थोडा आदर वाटला. संशय घ्यायची अक्कल तिच्यात होती. आजीवर गेली असणार.

त्या आठवड्यात जाईबाई सर्दीने पडल्या. नाक चोंदलेलं, डोळ्यांतून पाणी. डोळ्यांत मोतीबिंदू होताच, त्यात ही भर. शनिवारी सकाळी त्या झोपलेल्या असताना प्रितीने फळीवरून मला उचललं.

ती मला बाहेरच्या मोरीवर घेऊन गेली. उजेडात धरून बघितलं आणि स्वतःशीच पुटपुटली, "शेठ काय म्हणतील हे बघून?" मग तिने बादलीत पांढरी पूड टाकली. टाकी धुतात ती ब्लीचिंग पावडर. तिच्या दवाखान्यात डाग दिसला की हाच उपाय असतो.

काय सांगू! अंगाची आग झाली. चाळीस वर्षांचा रंग माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात उतरला. मला वाटलं, बावीस वर्षं दबा धरून बसलेली बाई आज सूड घेतेय. दुपारी तिने मला बाहेर काढलं, एकदा पिळलं, आणि नळ सोडला तर नळ कोरडा. आमच्याकडे पाणी गेलं की गेलं, मग दुसऱ्या सकाळपर्यंत थेंब नाही. पिंपातलं पाणी पिण्यापुरतंच होतं. तिने मला तसंच दोरीवर टाकलं.

रविवारी मी पांढराशुभ्र होऊन फळीवर आलो. सर्दीने झोपून असलेल्या जाईबाईंना ना वास आला, ना फरक दिसला. सकाळी त्यांनी चमचाभर चूर्ण पाण्यात उकळलं आणि गाळायला बसल्या, तर एकामागून एक शिंका. "तू गाळ," त्या प्रितीला म्हणाल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा. प्रितीने मला पातेल्यावर ताणलं तेव्हा ती माझी टोकं पुन्हा पुन्हा सावरत होती. अपराध्याची बोटं अशीच असतात, मी मनात म्हटलं.

शेठ अकराला आले. संघमित्राने स्टुलावर ताट ठेवलं, ताटात तीन ग्लास. तिन्हींत पेजेचं पाणी, तिन्हींत आयोडीन. गडद निळे झाले. पहिल्यात तिने ताजा आवळा हातानेच पिळून थेंब थेंब टाकला. सातव्या थेंबाला रंग गेला आणि तिने लगेच हात थांबवला.

"वा!" शेठ म्हणाले.

दुसऱ्यात कंपनीच्या पाकिटातलं त्रिफळा, चहाच्या गाळणीतून गाळलेलं. अकराव्या थेंबाला रंग गेला.

तिसरा ग्लास जाईबाईंचा. पाच थेंब, दहा थेंब, वीस थेंब. निळा तो निळाच. तीस थेंब झाले. संघमित्राने ग्लास हलवून पाहिला, आणि मला तर तो आधीपेक्षा गडद वाटला.

माझा संशय सुसाट सुटला. शेठने हिरडा हलका दिला असेल. कंपनीच्या पाकिटात काहीतरी मिसळलं असेल. पोरीने बाटली बदलली असेल. आणि सगळ्यांत आधी प्रिती, तिने चूर्णातच काहीतरी घातलं असेल. खोलीतल्या प्रत्येकाला मी उलटंपालटं करून पाहिलं. माझं स्वतःचं नाव एकदाही माझ्या मनात आलं नाही.

"होतं असं कधी कधी," शेठ उठत म्हणाले. "माल जुना असेल. बघू पुढे." असं म्हणून ते दाराशी चपला शोधू लागले.

जाईबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचा आवाज मी ओळखला नाही. "चाळीस वर्षं मी लोकांना काय दिलं गं? भुसा?"

"आजी, असं नको ना बोलू."

"लोकांनी विश्वासाने घेतलं. लहान पोरांना दिलं." त्या गुडघ्यावर हात ठेवून उठू लागल्या. "त्या दोन्ही बरण्या खाली नेऊन ओत. खल त्या भंगारवाल्याला दे. ते म्हणत होते तेच खरं. परत गाळत होते तेच बरोबर होतं."

राजाराम गेल्यापासून, कोण 'ते', हे जाईबाईंखेरीज त्या घरात फक्त मला माहीत होतं. मला रडू येत नाही, पण त्या दिवशी आलं असतं.

उठताना त्यांचा गुडघा ताटाला लागला. पहिला ग्लास आडवा झाला, रंग गेलेलं पाणी स्टुलावर पसरलं. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांनी हाताला आलेलं पहिलं फडकं उचललं आणि पुसलं. ते फडकं मी होतो.

आणि मी निळा झालो.

"आजी थांब!" संघमित्रा ओरडली. "पुसू नको. सोड ते." तिने मला दोन बोटांनी उचलून खिडकीशी धरलं. जिथे जिथे पाणी लागलं होतं तिथे तिथे निळा डाग वर येत होता. "यातला रंग मगाशीच गेला होता. सगळ्यांनी बघितलंय. मग हा परत आला कुठून?" तिने मला नाकाशी नेलं आणि तोंड फिरवलं. "मम्मी, हे एवढं पांढरं कधी झालं?"

प्रिती ओट्याशी उभी होती. तिने तोंडावर हात ठेवला.

"ब्लीच?" संघमित्राने विचारलं.

"काल. पाणी गेलं गं मध्येच. एकदाच पिळलं."

"अगं, ब्लीच म्हणजे अँटिऑक्सिडंटच्या अगदी उलट! काढा गाळतानाच सगळा जोर त्या ब्लीचने खाल्ला. आजी, तुझं चूर्ण चांगलं आहे. हे फडकं खराब आहे."

चाळीस वर्षं जगाला गाळत होतो. त्या दिवशी खिडकीच्या उजेडात, अगदी त्या मिलच्या दिव्यासमोरच्यासारखा, मी उलगडला गेलो आणि दोष माझ्यात निघाला.

प्रितीचा बांध फुटला. "आई, मला मुद्दाम नव्हतं करायचं हो. शेठ येणार, तुमचं नाव लागणार. त्यांनी ते काळं फडकं बघून नाक मुरडायला नको, म्हणून. आपल्या घरातली वस्तू कोणी घाण म्हणायला नको, एवढंच होतं डोक्यात."

मी जिला सूड म्हणत होतो ते हे होतं. बावीस वर्षं ती फळीशी थांबून बरण्यांकडे का बघायची, तेही मला तेव्हा कळलं. तिला शिकायचं होतं.

जाईबाई सुनेकडे वळल्या. मला वाटलं, आता कडाडणार. पण त्या हळूच म्हणाल्या, "मला विचारायचं तरी होतंस." आणि मग, आणखी हळू, "पण तू विचारलं होतंस. मीच सांगितलं नाही. साबणाचा, सोड्याचा अंश राहिला तर औषध बिघडतं. एवढं सांगायला मला काय झालं होतं?"

त्यांनी ट्रंक उघडली, एका जुन्या सुती पातळाचा तुकडा फाडला आणि पिंपातल्या साध्या पाण्यात दोनदा खळबळवला. "शेठ, चपला काढा. बसा पाच मिनिटं. प्रिती, इकडे ये. चमचाभर चूर्ण, दोन कप पाणी. मंद ठेव गॅस. आता धर चारी टोकं. ताणू नको एवढं, झोळ राहू दे."

प्रितीने गाळलं. नवीन ग्लास, नवीन पेज, तेवढंच आयोडीन. संघमित्रा थेंब मोजत होती आणि शेठ पुढे वाकले होते. सहाव्या थेंबाला निळा रंग गेला, ग्लासात चहाच्या पाण्यासारखी फिकट छटा तेवढी राहिली.

शेठनी खिशातून कागद काढला. "सर्व रोगांवर गुणकारी, असं छापू का?"

"अजिबात नाही," आजी आणि नात एकदमच म्हणाल्या.

"पोटासाठी, असं लिहा," जाईबाई म्हणाल्या. "गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारून घ्या, असंही लिहा. आणि नाव दोघींचं घाला. जाईबाई आणि प्रिती."

आता माझं सांगतो. निळा डाग दोन दिवसांत उडाला. ब्लीचने अंग विरलं, आणि मिलमध्ये गेलेल्या त्या एका धाग्यापाशी, चार टाक्यांच्या शेजारीच, मी उसवलो. गाळायच्या कामाचा मी उरलो नाही. तरी जाईबाईंनी मला टाकलं नाही. चार पाण्यांतून काढून पुन्हा फळीवर ठेवलं. माझी जागा पातळाच्या तुकड्याने घेतली आहे. त्याच्यावर माझा संशय आहे, पण हल्ली मी तो तोंडातल्या तोंडात घेतो.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. संशय जरूर घ्या. पाकिटावरच्या मोठ्या शब्दांवर तर घ्याच. पण तुमच्या हातात जे फडकं आहे, तेही एकदा उजेडात धरून बघत जा.

परवा दुकानासाठी पहिलं चूर्ण तयार झालं. प्रितीने एकटीने कुटलं, एकटीने गाळलं आणि परात सासूसमोर ठेवून ती कामावर गेली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. जाईबाईंनी चिमूटभर चूर्ण बोटांत चोळून पाहिलं. मग त्यांचा हात फळीवर आला. मी उसवलोय हे विसरून, जुन्या सवयीने त्यांनी मला उचललं, उलगडलं आणि त्या परातीशेजारी दुसरी रिकामी परात ओढली. पुन्हा गाळणार होत्या.

माझी दोन टोकं त्यांच्या दोन्ही हातांत होती. त्या तशाच थांबल्या. ठाकूरद्वारचा तो उंबरा, आतल्या खोलीतला तो चाळण्याचा आवाज, मला आठवला तसा त्यांनाही आठवला असावा. त्यांनी रिकामी परात मागे सारली. माझ्या कोपऱ्याने डोळे टिपले, माझी घडी केली, आणि प्रितीने गाळलेलं चूर्ण तसंच्या तसं बरणीत भरलं.